पाण्याची बाकीची नावं

साताऱ्याहून निघालेली एसटी कऱ्हाड ओलांडून सांगलीच्या दिशेला लागली, की माघाच्या शेवटी शेवटी एक वास खिडकीतून आत शिरतो. शिजणाऱ्या हळदीचा. ज्यांनी हळद फक्त मिसळणाच्या डब्यात पाहिली आहे, त्यांना तो ओळखता यायचा नाही. त्यात नुकती उकरलेली माती असते, थोडं आलं असतं, जळणाऱ्या पाचटाचा धूर असतो, आणि या सगळ्यावर गरम वाफेचा एक जाड, गोडसर थर असतो. शेजारच्या सीटवरचा माणूस नाकाला रुमाल लावतो. मी मात्र खिडकी आणखी उघडते.

मी साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवते. हे दिवस सराव परीक्षांचे, पिशवीत तपासायचे पेपर असतात. तरी या हंगामात एखादा शनिवार-रविवार काढून मी गावी जातेच. यंदाही गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खळ्यांवर हळद वाळत पडलेली, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे, आणि उन्हाचा रंग मुळातच तसा आहे की हळदीमुळे तसा दिसतोय हे कळू नये अशी दुपार.

चार वर्षांपूर्वीच्या हळदीच्या हंगामात मी इथं सलग पाच आठवडे राहिले होते. नोकरीवाली, बिनलग्नाची मुलगी पाच आठवडे घरी राहिली, तर गाव दहादा विचारतं. तेव्हा कुणी विचारलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं की आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वाचा गेली आहे.

पण आबांच्या आधी वहिनीबद्दल सांगायला हवं.

रूपालीवहिनी आटपाडीकडची. त्या बाजूला पाऊस नावाला, शेत कमी आणि शेरडं जास्त. सातवीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला. दुसऱ्या नंबराला पाण्याची बाटली होती, निळ्या पट्ट्याची, गळ्यात अडकवायची. पहिल्या नंबराला होता शब्दकोश. वहिनी ते बक्षीस घेऊन घरी जाईपर्यंत रडत होती. शाळा तीन किलोमीटर लांब, वाटेत झाड नाही, आणि हातात हे ओझं! पण घरात छापलेलं दुसरं काहीच नव्हतं. मग शेरडं चरायला सोडून ती माळावर बसायची आणि शब्दकोश वाचायची. गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा, पहिल्या पानापासून, ओळीनं. दहावीनंतर शाळा सुटली तोवर तिचा तो दोनदा वाचून झाला होता.

असं माणूस आमच्या घरी सून म्हणून आलं.

तिचे शब्द ती दाखवायला वापरत नव्हती, हे समजायला मला फार वेळ लागला. तिच्या दृष्टीनं ते रोजच्या वापरातलेच होते. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणायची, "का गं आज एवढी उद्विग्न?" एसटीत कंडक्टरला सांगायची, "आवं, मागं दोन आसनं रिक्त हायत की." डाळ पातळ झाली तर "डाळ जरा प्रवाही झालीया आत्या," असं आईला सांगायची, आणि आई कपाळाला हात लावायची. माणदेशी बोलणं आणि त्यात मध्येच असा एखादा शब्द, जसा नांगरटीत एकदम लखलखीत तांब्याचा गडू निघावा. फलटणला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. बायकांच्या घोळक्यात वहिनी अगदी मनापासून म्हणाली, "वधू लय लावण्यवती हाय." सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. मी तर पुढं वर्षभर ते वाक्य शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून सांगत होते.

आबांना हे खपत नसे. आबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं बोलणं मोजकं, आणि निम्मं हिंदी. चल. रुक. बस. ठीक हाय. वहिनी घरात आली त्याच महिन्यातली गोष्ट. आबा बाहेरून आले. तिनं चहा पुढं केला आणि म्हणाली, "मामा, चहा लय कवोष्ण झालाय. परत तापवून आणू?"

आबा कप हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. "काय झालाय?"

"कवोष्ण. म्हणजे कोमट."

"मग कोमट म्हणायला तोंड दुखतंय व्हय गं? ह्या घरात सरळ बोलायचं."

ती "व्हय मामा" म्हणाली. त्यानंतर चार वर्षं ती आबांसमोर जवळजवळ बोललीच नाही. जेवायला वाढलंय. दूध तापलंय. पाहुणं आल्यात. त्यांच्या समोरून आत गेली की स्वयंपाकघरात तिचा आवाज पुन्हा वाहू लागायचा. मला तेव्हा त्यात काही वाईट वाटलं नाही. सासऱ्यासमोर सुना कमी बोलतातच.

मग तो हंगाम आला. सकाळची आठची वेळ. मळ्यात हळद शिजत होती. लोखंडी पिंपांतून वाफ उसळत होती, दादा, म्हणजे माझा भाऊ, आणि दोन गडी शिजलेली हळद खळ्यावर ओतत होते. आबा जाळापाशी उभे होते. वहिनी न्याहारी घेऊन गेली होती. आबा दादाला म्हणाले, "ती चादर घाल त्यात, म्हशीची." दादाला वाटलं आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. आबा चिडले आणि पुन्हा तसंच काहीतरी म्हणाले. गडी हसायला लागले. म्हाताऱ्याला धूर चढलाय, कुणीतरी म्हणालं.

वहिनीनं भाकरीचं गठुडं खाली ठेवलं आणि सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला. आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्याकडच्या होत्या. दादा नंतर मला सांगत होता, की तो तिथं उभा राहून तिचं बोलणं ऐकत होता. ती म्हणाली, "डॉक्टर, सासऱ्यांचं बोलणं अकस्मात असंबद्ध झालंय. उच्चार स्पष्ट हाय, अर्थ लागत न्हाई. तोंड वाकडं न्हाई. उजवा हात जरा शिथिल वाटतोय. दहा मिनिटं झाली." पलीकडून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, की गाडी आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाले, एक क्षण थांबू नका.

त्या दिवशी दादानं फोन केला असता, तर तो म्हणाला असता, आबांना बरं वाटंना झालंय. आणि डॉक्टरांनी म्हटलं असतं, संध्याकाळी आणा. आबांच्या मेंदूत गुठळी अडकली होती. वेळेत पोचल्यामुळं जीव वाचला, पाय वाचले, हातही बराचसा वाचला. मी साताऱ्याहून पोचले तेव्हा ते खाटेवर टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. काही आलं नाही. मग ते माझ्याकडं असे बघत राहिले, जसं एखाद्यानं कोनाड्यात हात घालावा आणि तिथं नेहमीची वस्तू नसावी.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सगळं कळतंय त्यांना. शब्द आत आहेत. शब्दापर्यंत जायची वाट तुटली आहे. एक स्पीच थेरपिस्ट मॅडम होत्या, तरुण, शांत. त्यांनी चित्रांची पत्त्यांसारखी कार्डं दिली. पेला, दार, गाय, पाणी. रोज बसवा, बोलायला लावा, म्हणाल्या.

घरी आणल्यावर आम्ही बसवत होतो. आबा प्रयत्न करायचे. "प... प..." असं करत त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. पाणी हा शब्द, जो दीड वर्षाचं पोर बोलतं, तो त्यांना यायचा नाही. पाचव्या दिवशी त्यांनी कार्डं उधळली. सहाव्या दिवशी भिंतीकडं तोंड करून झोपले. माझ्या आईला आयुष्यात पहिल्यांदा ते रडताना दिसले, आणि ती उठून गोठ्यात गेली, कारण त्यांना तिनं बघितलेलं आवडलं नसतं. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. या दिवसांत त्यांनी बोलणं सोडून दिलं, तर पुढं अवघड जाईल.

बाहेर हंगाम तर थांबत नाही. अंगणात हळद वाळायला पसरलेली होती. दुपारी सावलीला खाटेवर आबा, आणि समोर मी, आई आणि वहिनी गड्डे आणि हळकुंडं निवडत बसलेल्या. हळद वाळू लागली की एकमेकांवर आपटून वाजते, कवड्यांसारखी. तेवढाच आवाज होता. आबांनी डाव्या हातानं तांब्याकडं बोट केलं.

वहिनी उठली. पेला भरला. पण दिला नाही. हातात धरून खाटेपाशी उभी राहिली. "पाणी, मामा. म्हणा. पाणी."

आबांनी मान हलवली. प... प... आणि डोळे मिटले.

"अगं दे की त्यास्नी!" आई ओरडली. "छळायला लागलीस काय?"

वहिनी हलली नाही. चार वर्षं त्यांच्यासमोर तीन शब्दांवर चौथा न बोललेली बाई. ती हळूच म्हणाली, "जल?" आबांनी डोळे उघडले. "नीर?" त्यांनी मान हलवली, नाही. "तोय? सलिल?" नाही. "जीवन?" नाही. मी हातातलं हळकुंड खाली ठेवलं. मला वाटलं, ही आता वेडेपणा करतेय. "उदक?"

आबा थांबले. म्हणजे त्यांचं हलणारं डोकं थांबलं, फुगलेल्या शिरा सैल झाल्या, आणि दाराला लावलेली कडी कुणी अलगद काढावी तसा त्यांच्या तोंडून शब्द बाहेर आला.

"उदक."

स्वच्छ. न अडखळता. आणि मग पुन्हा, स्वतःचाच आवाज ऐकून चकित झाल्यासारखा, "उदक. उदक."

वहिनीनं पेला त्यांच्या ओठांना लावला. घाईत अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. आई जागची उठली नाही. ती हात जोडून बसली होती, देवळात बसतात तशी. मी गणित शिकवणारी बाई, प्रत्येक पायरी कुठून आली हे मुलांना विचारणारी. ही पायरी कुठून आली ते मला कळेना. त्या माणसाच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, की आजोबांच्या दहाव्याला नदीवर भटजींनी त्यांच्याकडून काहीतरी म्हणवून घेतलं होतं, त्यात असेल कदाचित. म्हणजे आबा तेव्हा पंचविशीचे. कुठं राहिला असेल तो शब्द एवढी वर्षं? सीमेवर बर्फात, रेल्वेच्या डब्यात, उसाच्या सरीत, तो त्यांच्याबरोबर गप्प चालत राहिला. पाणी ही रोजची वाट वाहून गेली, तेव्हा ही दुसरी पायवाट तशीच शाबूत होती.

मॅडमना सांगितलं, तर त्यांनी खुर्ची पुढं ओढली. असं होतं कधीकधी, त्या म्हणाल्या, सोपा शब्द अडतो आणि आडवळणाचा येतो. पण एवढे शब्द देणारं माणूस घरात नसतं. त्यांनी वहिनीला विचारलं, तुम्ही मराठी घेऊन एम. ए. केलंय का? वहिनी लाजून म्हणाली, "न्हाई, शेरडं राखलीत."

दुसऱ्या दिवसापासून शब्दकोश खाटेवर आला. पुठ्ठा गेलेला, पानांच्या कडा शेरडांनी चावलेल्या. आणि मग त्या अंगणात जे काही चाललं, ते मी तोंडात बोट घालून बघत राहिले. दार येईना, तर "द्वार?" नाही. "कपाट?" नाही. "कवाड?" "कवाड!" मला वाटत होतं वहिनीकडं फक्त संस्कृत जडजवाहीर आहे. तसं नव्हतं. तिच्याकडं एका वस्तूला सात-सात नावं होती, माळावरची, देवळातली, कचेरीतली, जात्यावरची, आणि ती सगळी तिला सारखीच प्रिय होती. जेवण हा शब्द अडला, तेव्हा तिनं अन्न म्हटलं, आहार म्हटलं, घास म्हटलं. मग थोडा विचार करून म्हणाली, "रसद?" आबांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून आमच्या घरात भाकरीला रसद म्हणत. "रसद आण. कवाड लाव." शेजारचे तुकारामतात्या बघायला आले आणि त्यांनी विचारलं, "काय हवालदार, कसं काय?" आबा म्हणाले, "उत्तम." तात्या हसायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मला कधीकधी वाटायचं, माझ्याकडं किती शब्द आहेत? वर्गात लागतात ते, बाजारात लागतात ते, फोनवर लागतात ते. माझी एखादी वाट तुटली, तर मला दुसरी कुठून मिळेल? आम्ही सगळे एकेका वाटेवर जगत होतो आणि जिच्याकडं हजार वाटा होत्या, तिला हसत होतो.

चौथ्या आठवड्यात एक नवीनच गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी वहिनी हळद गोळा करून पोती भरायला लागली, की आबा तिला हाक मारायचे. हाक म्हणजे खाटेच्या माचव्यावर बोटानं टकटक. ती आली की तिच्याकडं बघायचे आणि काहीतरी शोधायचे. "तू... मी... ते..." वहिनी एकेक शब्द पुढं करायची. दुखतंय? वेदना? भूक? झोप? विश्रांती? नाही, नाही. चार दिवस असं चाललं. आबा थकून जायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक.

पाचव्या दिवशी मी जवळच बसले होते. आबांनी बोट आधी वहिनीच्या तोंडाकडं नेलं, मग स्वतःच्या छातीकडं, आणि मान खाली घातली. मला समजलं. वहिनीलाही समजलं असावं, कारण तिचा आवाज एकदम बारीक झाला. तरी तिनं शब्द पुढं केले, कारण ते तिचं काम होतं. "खंत?" आबांनी मान हलवली. "पश्चात्ताप?" नाही. "क्षमा?" ते क्षणभर थांबले, जीभ टाळ्याला लावली, पण नाही आलं. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा. पोचलं."

आबांनी जोरानं मान हलवली. डावी मूठ गुडघ्यावर आपटली. आणि स्वतःच, कुणी न देता, त्यांनी तो काढला.

"गलती." मग दम घेऊन, "माझी."

बराकीतला शब्द. कवायतीला पाय चुकला की म्हणायचा. शब्दकोशात तो सापडला नसता. वहिनीनं पदर सारखा केला, "चहा टाकते," म्हणाली, आणि चुलीपाशी जाऊन बराच वेळ फुंकणीनं जाळ फुंकत राहिली, जाळ चांगला पेटलेला असताना.

आता आबा बरेच बोलतात. पाणीही म्हणतात, दारही म्हणतात. सोपे शब्द हळूहळू माघारी आले. उदक मात्र अलीकडं ऐकू येत नाही. वहिनी त्यांच्यासमोर हवं ते बोलते. परवा तिनं त्यांना सांगितलं, की यंदा हळदीचा रंग लय देदीप्यमान आलाय, आणि आबांनी नुसतं "व्हय" म्हटलं. मी शाळेत ती नक्कल करणं कधीच सोडलं. आता वर्गात एखादं पोर मोठा शब्द वापरून गेलं आणि बाकीची हसली, तर मी खडू खाली ठेवते आणि त्या पोराला तो शब्द पुन्हा म्हणायला सांगते. भूमितीचा तास असला तरी.

त्या मॅडम अजूनही वहिनीला बोलावतात. आठवड्यातून एकदा ती सांगलीला जाते आणि ज्यांची वाचा अडली आहे अशा माणसांपाशी बसते. या शनिवारी मीही तिच्याबरोबर गेले.

खोलीत एक वृद्ध जैन बाई होत्या, सांगलीतल्या एका व्यापारी घरातल्या. घरचे त्यांना आक्का म्हणत होते. पांढरं लुगडं, मांडीवर हात, नजर खिडकीबाहेर. सून सोबत आली होती. महिना झाला, ती म्हणाली, एक अक्षर बोललेल्या नाहीत. आधी फार बोलायच्या. फुलांचं वेड होतं. माहेर पलीकडचं, कर्नाटकातलं.

वहिनी त्यांच्यासमोर खाली, सतरंजीवरच बसली. मोगऱ्यापासून सुरुवात केली. मोगरा, मल्लिका, मग कुणाकडून तरी शिकून घेतलेलं कानडी, मल्लिगे. आक्कांनी तिच्याकडं वळून बघितलं, बास. ती मग जाईजुईवर गेली, तिथून सुगंधावर, परिमळावर, दरवळावर. तिथून चांदण्यावर. ज्योत्स्ना, कौमुदी, चंद्रिका, टिपूर, पिठूर. प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती, उत्तरासाठी जागा सोडून. उत्तर येत नव्हतं. वीस मिनिटं झाली असतील. सून घड्याळ बघायला लागली. वहिनीचा घसा कोरडा पडलेला मला ऐकू येत होता.

"दमलासा आक्का," ती शेवटी म्हणाली. "आज बास करूया." आणि हाताचा टेकू घेऊन उठायला लागली.

आक्कांचा हात मांडीवरून सुटला. त्यांनी वहिनीच्या पदराचं टोक धरलं.

"अजून," आक्का म्हणाल्या.

वहिनी परत खाली बसली.